पलटनीतला मोची

मानसरोवर, जयपूर
८ जानेवारी २०२५

नंदू,

‘अनेक आशीर्वाद’ असं वर लिहिलं होतं, मग तो कागद फाडून टाकला. म्हणशील, काम पडलं की अक्काला आशीर्वाद सुचतात. काम पडलंच आहे, लपवत नाही. माझा नंबर तू दहा वर्षं ब्लॉक करून ठेवलायस, म्हणून पोस्टानं लिहावं लागतंय. पत्र रजिस्टर केलंय. मिळालं नाही म्हणायची सोय ठेवलेली नाही.

आधी मुद्द्याचं. आपला ‘लौटती पलटन’ मुंबईची एक संस्था दुरुस्त करतेय. रिळं कुठल्याशा गोदामात सडत पडली होती म्हणे. नवी प्रत सोळा फेब्रुवारीला इथं जयपुरातच पहिल्यांदा दाखवणार, कारण सदुसष्ट साली शूटिंग इथल्या छावणीत झालं होतं. आणि ज्यांची नावं तेव्हा पडद्यावर दिली नाहीत त्यांची आता शेवटी लावणार. त्यात आप्पांचं नाव आहे. ‘पलटन का मोची: हवालदार आप्पासाहेब इंगवले.’ त्याला दोन्ही वारसांच्या सह्या लागतात. मी पहिल्या दिवशीच केली. तुला सांगलीला फॉर्म पाठवून महिना झाला आणि तुझ्याकडून हूं नाही की चूं नाही, असं ती संस्थेतली माणसं म्हणतात. का रे? एक सही करायला हात दुखतो?

इंग्रजी पेपरात या सिनेमावर रकानेच्या रकाने आलेत. पासष्टची लढाई संपते, पलटन परत येते, आणि तिच्यात सरदार, मद्रासी, नागा, कायमखानी मुसलमान, मराठा, सगळे एका लंगरात जेवतात. एवढा सगळा देश एका सिनेमात त्या काळी कुणी दाखवला होता, असं लिहितात. दाखवला खरा. पण तो नागा दादरचा होता आणि मद्रासी अंबाल्याचा. तोंडाला रंग फासून उभे केलेले. खरे मद्रासी जवान मागच्या रांगेत घाम पुसत उभे होते, मी डोळ्यांनी पाहिलंय. साऱ्या सिनेमात तोंड दिसणारा खरा फौजी एकच, तो म्हणजे मोची. त्या मोच्याचे बूट शिवणारे हात बघा, असे हात नटाचे असूच शकत नाहीत, असं एकानं लिहिलंय. मी ते कापून देव्हाऱ्याशेजारी लावलं.

आणि शहीद जवानाची ती लहान मुलगी, बापाचे बूट न्यायला येते ती, तिच्यावरही दोन ओळी आहेत. मी स्वतःबद्दल काही म्हणत नाही. लोक म्हणतात.

तुझ्या मनात काय आहे ते मला कळत नाही असं समजू नकोस. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत जो तमाशा केलास तो अजून तुझ्या पोटात आहे. पण तेव्हा भांडण माझ्याशी होतं. आप्पांना मरून चौतीस वर्षं झाली, त्यांच्यावर कसला राग काढतोस? सही कर आणि मोकळा हो.

अक्का


१६ जानेवारी

नंदू,

तू मोठा धूर्त आहेस बाबा. माझ्या पत्राला उत्तर नाही, आणि संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तुझी लेक माझ्या दारात. पाठीला बॅग, केस कापलेले, ‘आत्या, ओळखलंस का?’ ओळखेन नाही तर काय? आपल्या आईची हनुवटी घेऊन फिरते पोरगी.

उत्कर्षा म्हणते, ती जुन्या सिनेमांवर अभ्यास करते. पडद्यावर कोण दिसतं, कोण दिसत नाही, आणि कुणाचं सोंग कोण घेतं. म्हटलं, यावर पीएचडी देतात? देतात म्हणे. मी सरळच विचारलं, ‘तुला तुझ्या बाबांनी पाठवलं ना?’ तर म्हणे, ‘बाबांना माहीतच नाही मी इथं आलेय ते.’ म्हटलं, ‘असं सांगायचं हेही त्यांनीच शिकवलं का?’ ती हसायलाच लागली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. पण जेवली व्यवस्थित. वांग्याचं भरीत दोनदा वाढून घेतलं, ते मात्र मला आवडलं.

आमचा निलय तिला बघून हरखलाय. त्याचं मराठी तुला माहीतच आहे. ‘मम्मी, मतलब दीदी किती भारी काम करते ना!’ म्हटलं, बहीण आहे तुझी, पण जरा बेतानं. कोण कशासाठी आलंय ते आधी कळू दे.

आणि कळलंच. संध्याकाळी गच्चीवर सगळीकडे ‘वो काटा’ चाललेलं, संक्रांत उरकली तरी इथले पतंग चार दिवस उतरत नाहीत, आणि ही खाली लॅपटॉप उघडून बसली. मोच्याचा तो प्रसंग लावला. सत्तावन्न वर्षांनी मी तो एवढा स्वच्छ पाहिला. आप्पांच्या तोंडावरचं बूटपॉलिशसुद्धा चमकत होतं. उत्कर्षानं मध्येच थांबवलं. ‘आत्या, इथं बघ. लांबून दाखवताना आजोबांच्या डाव्या हातात हातोडी आहे. आणि जवळून नुसते हात दाखवले की हातोडी उजव्यात. आजोबा डावखुरे होते का?’

तिनं आजोबांना पाहिलेलं नाही. तिला कुणी सांगितलं असेल तर तूच. नाहीतर असा प्रश्न कुणाला सुचतो?

मी म्हटलं, सिनेमावाले फिल्म उलटी लावतात, मग डावं उजवं होतं. ती म्हणाली, ‘मग मागच्या पाटीवरची अक्षरं पण उलटी दिसली असती.’ भारी शिकलीस बाई, म्हटलं, आणि दूध उतू जातंय सांगून आत आले. गॅसवर काही नव्हतं.

ती सिनेमा दाखवेपर्यंत राहणार आहे. तिला परत बोलव. आणि सही पाठव.

अक्का


२५ जानेवारी

नंदू,

आता हद्द झाली. खरं सांग, त्या बाईला तूच उभी केलीस ना?

संस्थेला पत्र आलंय. कुणी मनभर म्हणून बाई आहे, जुन्या शहरात, चारदीवारीच्या आत मोजड्यांचं दुकान आहे तिचं. म्हणते, सिनेमातले हात माझ्या वडिलांचे. सुखदेव त्यांचं नाव, पलटनीत मोची होते. पुरावा म्हणून वडिलांच्या हातांचा फोटो पाठवलाय. उजव्या अंगठ्याला नख नाही. उत्कर्षानं सिनेमातला हात मोठा करून बघितला. तिथंही नाही.

मला आता कुणावर विश्वास ठेवावा तेच कळेनासं झालंय. पेपरात बातमी येते, लगेच पोरगी येते, पोरगी हातांबद्दल विचारते, आणि आठ दिवसांत ही मनभर उपटते. हे सगळं आपोआप होतं? सुखदेवचं घर कुठं, त्याला मुलं किती, हे माझ्यासारखीला ठाऊक नाही, तर कुणाला असणार? लहानपणी त्याच्या खोपटाशी तूच चिकटलेला असायचास. खिळे मोजत बसायचास त्याचे.

निलय म्हणतो, हात त्यांचे असतील तर नाव देऊन टाका. त्याला वाटतं एवढंच आहे. संस्थावाले सारखे विचारतात, मग मोची बदलला का? सकाळी हात एकाचे घेतले आणि दुसऱ्या दिवशी तोंड दुसऱ्याचं, असं का? त्यांना ते नव्या प्रतीसोबतच्या माहितीत छापायचंय. मी सांगितलं, सुखदेव त्या दिवशी आजारी पडला. लाइट जात होता, पंडितसाहेब डायरेक्टर चिडलेले, म्हणून आप्पांना बसवलं. मंडळात मी हेच सांगत आलेय आणि हेच सांगणार. तू वेगळं काही लिहून कळवलं असशील तर आत्ताच सांग, म्हणजे मला कुणाच्या तोंडाकडे बघून बोलायचं ते ठरवता येईल.

मी त्या मनभरला बघून येणार आहे. न सांगता. तिला काय माहीत आहे आणि कुणी सांगितलंय, ते मला हवंय.

अक्का


२ फेब्रुवारी

नंदू,

जाऊन आले. चार दिवस झाले, पेन हातात धरवत नव्हतं.

मेट्रोनं चांदपोलला उतरून ई-रिक्षानं गेले. गिऱ्हाईक म्हणूनच शिरले. दुकान एवढंसं, पण नीट मांडलेलं. भिंतीवर हार घातलेला फोटो. मी त्याला ओळखलं नाही, म्हातारा झालेला. मग मिशा ओळखल्या. खाली तारीख होती, २०१६. नंदू, तो माणूस नऊ वर्षांपूर्वीपर्यंत जिवंत होता. याच गावात. त्या गल्लीच्या तोंडाशी मी बांगड्या भरायला किती वेळा गेलेय, देव जाणे.

मनभर साठीची असेल. माझ्या पायात मोजडी चढवताना मी एकेक विचारत होते, वडील कुठं होते, कुठल्या पलटनीत, सिनेमाबद्दल काय सांगायचे. तिनं माझा पाय खाली ठेवला. म्हणाली, ‘आप मोजड़ी लेने तो नहीं आई हैं. फिल्म वालों ने भेजा है?’ तिचाही माझ्यावर संशय. मग सांगितलं मी कोण ते.

वाटलं होतं, आता उसळेल. काही नाही. म्हणाली, ‘आपके पिताजी का नाम नहीं हटवाना मुझे. चेहरा उनका है, सबको दिखता है. हाथ मेरे बाबूजी के हैं. बस उतना लिख दो.’ मी चाचरत विचारलं, वडिलांना का बदललं ते त्यांनी कधी सांगितलं? तर सहज म्हणाली, ‘एक्टिंग नहीं आती थी उनको. खुद ही बोलते थे.’

मी पाणीही न पिता निघाले. तिनं ग्लास पुढं केला होता. म्हटलं उपास आहे. उपास नव्हता, नंदू. सवयीनं म्हणाले की घाबरून, ते रिक्षात बसल्यावर स्वतःला विचारलं. दोन्ही उत्तरं वाईटच.

घरी येऊन उत्कर्षाला समोर बसवलं. ‘तुझ्या बाबांनी तुला माझ्याबद्दल काय सांगितलंय? खरं सांग.’ ती म्हणाली, ‘एवढंच, की अक्कानं लहानपणी सिनेमात छान काम केलं होतं. पुढं विचारलं की उठून जातात.’ संस्थेला फोन केला. तुझ्याकडून एक ओळसुद्धा गेलेली नाही त्यांच्याकडे. सही नाही, तक्रार नाही, काही नाही.

महिनाभर मी तुझ्यावर, तुझ्या पोरीवर, त्या मनभरवर डोळे लावून बसले होते, की कोण फोडतंय. कुणीच फोडत नव्हतं. सुखदेवनं पोटच्या पोरीला सांगितलं नाही. तू तुझ्या पोरीला सांगितलं नाहीस. ज्यांना आठवेल असे आता दोघंच उरलोय, तू आणि मी. मी ‘आजारी होता’ म्हणून फॉर्म भरून टाकला तर कोण काय करणार आहे?

म्हणूनच लिहिते. तुला माहीतच आहे, पण माझ्या हातानं लिहिलेलं तुझ्याकडे नाही.

पंडितसाहेबांनी मोची म्हणून खुद्द सुखदेवलाच घेतलं होतं. सकाळी त्याचे हात काढून झाले. मग तो प्रसंग. मुलगी बूट न्यायला येते, मोची आपली रोटी मोडतो, गुळाचा खडा ठेवतो, तिला देतो, आणि सगळी पलटन बघत असताना ती खाते. आईनं त्या प्रसंगाला आधी होकार दिला होता. का, तर सिनेमात खरं कुठं खातात, असं तिला वाटलं होतं. नाटकात रिकाम्या वाटीतून जेवतात तसं नुसतं तोंड हलवायचं असेल. आणि लंगरमधून गरम रोटी आली. पंडितसाहेब म्हणाले, कॅमेरा जवळ आहे, नीट चावायचं, गिळायचं. आई माझ्या वेणीची रिबीन बांधायच्या निमित्तानं आली आणि कानात म्हणाली, ‘तोंडात घालायचं नाही हं. चांभाराच्या हातचं आहे.’

मी रोटी धरून बसले. पंडितसाहेब तीनदा म्हणाले, ‘बेटी, खाओ.’ मग विचारलं, ‘क्यों नहीं खाती?’ शूटिंगमध्ये मोठ्यानं बोलायचं, हे मला आठ दिवस शिकवलं होतं. मी मोठ्यानं म्हणाले, ‘मोची के हाथ का नहीं खाते.’

दीडदोनशे माणसं असतील. सरदार, मद्रासी, खरे, खोटे, सगळे. सगळ्यांनी ऐकलं. लढाईत आप्पा याच सुखदेवच्या ताटातलं खायचे, खंदकात दोघांना एकच मग होता, हे आपल्याला आप्पांनीच सांगितलं होतं. पण क्वार्टरमध्ये आईचा कायदा. आप्पा तिथंच उभे होते. त्यांनी खाली बघितलं.

सुखदेव उठला. माझ्या हातातली रोटी काढून घेतली, अगदी हळू, आणि पंडितसाहेबांना म्हणाला, ‘साहब, बच्ची को भूख नहीं है. और मुझसे ये एक्टिंग होती भी नहीं. किसी और को ले लो.’ आणि मागं जाऊन आपल्या बुटांच्या ढिगाशी बसला. हातांचं चित्रण इतकं छान झालं होतं की पंडितसाहेबांनी तेवढं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी मला थोबाडीत मारली. आयुष्यात एकदाच. का मारली ते बोलले नाहीत. मग तोंडाला बूटपॉलिश लावून सुखदेवच्या जागी जाऊन बसले. मला मारायला त्यांना हात होता, नाही म्हणायला तोंड नव्हतं. मी त्यांचं ते काळं तोंड बघून रडायला लागले, रडत रडत त्यांच्या हातची रोटी खाल्ली. तेच ते पेपरात गाजलेले अश्रू.

तू सहा वर्षांचा होतास. आप्पांच्या टोपीत शेंगदाणे घेऊन बसला होतास. तुझ्या लक्षात नसणार, असं मी धरूनच चालले होते. मंडळानं मला शाल घातली आणि मी माईकवर ‘सुखदेव आजारी पडला’ हे सुरू केलं, तेव्हा तू पहिल्या रांगेतून उठलास. एवढंच म्हणालास, ‘आजारी नव्हता तो, अक्का.’ पुढचं वाक्य तू बोलला असतास की नाही, मला माहीत नाही. मी बोलूच दिलं नाही. माईकवर म्हणाले, हा लहानपणापासूनचा खोटारडा आहे, याच्याकडे लक्ष देऊ नका. लोक हसले. तू चपला शोधून निघून गेलास.

मी नऊ वर्षांची होते, हे खरं आहे. आईनं सांगितलं, हेही खरं आहे. पण गणपतीत मी छप्पन्नची होते, नंदू. तेव्हा कानात सांगायला आई नव्हती.

काय करावं ते सांगशील का? एका ओळीचं पत्र टाकलंस तरी चालेल.

अक्का


१७ फेब्रुवारी

नंदू,

तुझं पत्र आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. यावेळी मी त्यात काही काळंबेरं शोधत बसले नाही. तू काय सांगणार होतास? मला ठाऊकच होतं काय करायचं. दुसऱ्यानं ढकलावं असं वाटत होतं, एवढंच.

काल सिनेमा झाला. हॉल भरला होता. मंडळाच्या बायका पुढून तिसऱ्या रांगेत, नटूनथटून. माझ्यासाठी आल्या होत्या बिचाऱ्या. सिनेमाच्या आधी मला आणि मनभरला स्टेजवर बोलावलं. दोघींना सारखीच शाल, सारखंच रोपटं. सूत्रसंचालन करणारी मुलगी मला म्हणाली, ‘बताइए ना मैम, उस दिन क्या हुआ था? सुखदेवजी की तबीयत बिगड़ गई थी ना?’ तिच्या हातातल्या कागदावर तसंच छापलेलं होतं. मीच दिलेलं.

माईक हातात घेतला तर तो शालीला घासून खर्र खर्र करायला लागला. मी हिंदीत सांगितलं. तबीयत नाही बिघडली, मी त्यांच्या हातचं खाल्लं नाही. मी काय बोलले तेही शब्दन्शब्द सांगितलं. आईचं नाव घ्यावं की नाही यावर मी चार रात्री घालवल्या होत्या. घेतलं. आप्पांनी मान खाली घातली तेही सांगितलं. आणि मग म्हणाले, की दहा वर्षांपूर्वी माझ्या भावानं हे मंडळात सांगायचा प्रयत्न केला तेव्हा मी त्याला खोटारडा म्हटलं. खोटारडी मी होते.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, बरं झालं. तिसऱ्या रांगेतल्या दोघीतिघी एकमेकींकडे बघत राहिल्या. निलय मान खाली घालून बसला होता, आप्पांसारखाच दिसला मला. उत्कर्षा मात्र उभी राहिली होती. का उभी राहिली, तिलाही माहीत नसावं. तुझी पोर चांगली आहे, नंदू. मी तिच्यावर उगीच डोळा ठेवला.

मनभरकडे बघायचं धाडस मला झालं नाही. दिवे गेले, सिनेमा लागला. तो प्रसंग आला, ते हात आले, आणि तिच्या खुर्चीतून एक हुंदका ऐकू आला.

बाहेर आल्यावर मीच तिच्याजवळ गेले. मला माफी मागायची होती, वाक्य पाठ करून ठेवलं होतं. तिनं बोलू दिलं नाही. म्हणाली, ‘हमने तो सारी उमर उनका मज़ाक उड़ाया, मैडम. घर में किसी से कोई काम बिगड़ता, तो सब कहते, बाबूजी पर गया है, इसे भी फिल्म से निकालेंगे. मेरे बेटे की शादी में तो हमने उनको स्टेज पर चढ़ा दिया. एक्टिंग करके दिखाओ, बाबूजी. सब लोट-पोट हो गए. वो भी हँसते रहे.’

मग म्हणाली, ‘अब मैं किससे जाकर कहूँ?’

माझ्या तोंडाकडे बघत थांबली, जणू मला माहीत असेल. मग तिचा मुलगा आला, तिला धरून घेऊन गेला. शाल आणि रोपटं तिनं स्टेजवरच ठेवलं होतं.

संस्थेनं पुढच्या प्रतींसाठी नवा फॉर्म केलाय, सोबत आहे. ‘पलटन का मोची: सुखदेव, और हवालदार आप्पासाहेब इंगवले.’ सुखदेवचं नाव आधी. मोची का बदलला याच्याखाली आता मी लिहिलेलं खरं कारण आहे, माझ्या नावासकट. वाचून बघ. एखादा शब्द चुकला असेल तर दुरुस्त कर, तुझी आठवण माझ्यापेक्षा सरळ आहे. मग सही करावीशी वाटली तर कर. यावेळी मागं लागणार नाही.

रात्रभर मनभरचा तो प्रश्न कानात होता. तिला सांगायला कुणी उरलं नाही. मी त्या बाबतीत तिच्यापेक्षा नशीबवान, आणि ते नशीब माझ्या कर्तृत्वाचं नाही. मला अजून सांगता येतं, म्हणून सांगते.

नंदू, तू खरं बोलत होतास.

अक्का